बिऱ्हाड

पायसांदूत जुलैला अंधार लवकर पडतो.
एल्बियाबाईंच्या जेवणाच्या टेबलावर
दोन संगणक समोरासमोर, मध्ये एक वायर.
सोयरीक ठरवायला बसलेली दोन घरं जशी,
आधी कुणी बोलायचं यावर अडलेली.

जुना अकरा वर्षांचा.
लोकर-संघातून बाई निवृत्त झाल्या तेव्हा
पेन्शनच्या कागदांसोबत घरी आला.
'ए' चं बटण गुळगुळीत,
पंख्याला अशी धाप, की वाटावं
आधी बस म्हणावं, पाणी द्यावं.

नव्याच्या अंगावरचा पापुद्रा
बाई मला काढू देत नाहीत.

'उरलेला वेळ : दोन तास.'
मग चार मिनिटं.
मग एकोणीस तास.
"आमच्या प्लंबरचा भाऊ दिसतोय,"
बाई म्हणतात, आणि मातेच्या पाल्यावर
थर्मासमधलं पाणी ओतून
भोपळ्याचं भांडं माझ्याकडे सरकवतात.
एकच नळी, आळीपाळीनं दोघांची तोंडं कडू.

फायली निघाल्यात रांगेनं :
'वीज कंपनीला पत्र',
'वीज कंपनीला पत्र शेवटचं',
'वीज कंपनीला पत्र शेवटचं आता खरंच'.
मध्येच यंत्र थांबून विचारतं :
या नावाचं आधीच आहे इथे.
जुनं ठेवू, नवं ठेवू, की दोन्ही?
बाई चष्मा कपाळावर नेतात.
"दोन्ही. हा काय प्रश्न झाला?"

सामान उचलता येतं.
सवयींचं गाठोडं बांधता येत नाही,
त्या एकेक करून हातानं बसवाव्या लागतात.
बाण मोठा : डाव्या डोळ्यात मोतीबिंदू.
दोन टिचक्यांमधली सवड जास्त : बोटांचा संधिवात.
लाल रेघ मारू नये असे शब्द एकशे बारा,
त्यात कुत्रीचं नाव, तिच्या आईचं नाव,
आणि नगराध्यक्षासाठी बाईंनी स्वतः घडवलेल्या
चार शिव्या, शुद्धलेखनासह.

कोपऱ्यात घड्याळं दोन.
एक इथलं. एक तेरा तास पुढचं. सिडनी.

"हे काढून टाकू का? आदेमार तर आता..."

आदेमारला परत येऊन सहा वर्षं झाली.
तिसऱ्या गल्लीत त्याचं टायरचं दुकान आहे.
माझ्या मोटारसायकलचं मागचं चाक
त्यानंच परवा बदललं.

बाई भांडं तोंडाशी नेतात. रिकामं आहे, तरी ओढतात.
नळीतून नुसता घुरघुर आवाज.

"तिकडे होता तेव्हा शनिवारी आठला फोन करायचा.
माझी रात्र, त्याचा रविवार उजाडलेला.
म्हणायचा, आई, उद्या बघून आलोय, बरा आहे, ये.
आता इथेच असतो.
इथल्या इथे कोण फोन करतं?"

पुढे काही नाही. थर्मासचं झाकण फिरवलं त्यांनी,
घट्टच होतं, तरी फिरवलं.

मी यादीत खाली खाली गेलो,
समोआ, सामारा, सिंगापूर,
सिडनी सापडलं. लावलं.
घड्याळ लगेच चालू लागलं,
जसं काही तिथे कुणी आहे.

जुना पुसून टाकायचा होता.
"आज नको," म्हणाल्या. "एक रात्र
दोघांना एका टेबलावर राहू दे.
नवा घाबरेल."

परतताना चढावर दुकानाशी थांबलो.
आदेमार शटर ओढत होता,
हात काळे, तोंडातून वाफ.
"झालं का रे आईचं? सगळं आलं?"
"सगळं."
"काही राहिलं नाही ना मागे?"
"नाही. घड्याळसुद्धा आलं. दोन्ही."

तो हसायला लागला,
मग थांबला.
शटर गुडघ्याएवढं उघडंच ठेवून
मनगट दिव्याखाली धरलं त्यानं.
शनिवार होता.
आठला दहा कमी.